हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा घासून घ्याव्यात की बदलाव्यात?

वाशिष्ठीकाठ (१८ ऑगस्ट २०२४)

नमस्कार. माझ्याकडे २०१० च्या डिसेंबरात घेतलेली पेट्रोलवर चालणारी छोटी गाडी आहे. इंजिन उत्तम आहे, पत्राही कोकणातल्या हवेच्या मानाने बरा टिकला आहे, पण पुढच्या दोन्ही दिव्यांच्या काचा आता ताक पिऊन ठेवलेल्या पेल्यासारख्या दिसतात. त्या प्लास्टिकच्या आहेत हे मला ठाऊक आहे, तरी आपण सगळे त्यांना काचाच म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणतो. गाडीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आमच्या आळीतल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीची हीच अवस्था आहे आणि त्या सगळ्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत.

महिन्यातून दोनदा तरी मी आईला भेटायला कऱ्हाडला जातो आणि परतीच्या वाटेवर कुंभार्ली घाट उतरायला लागेपर्यंत बहुतेक वेळा अंधार पडलेला असतो. पावसात डिप्परवर रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही, आणि अप्पर लावला तर धुक्याची भिंतच उजळते. समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याला मात्र माझ्या दिव्याचा त्रास होत असावा, कारण मी डिप्परवर असतानाही तो मला दिवे मारतो.

आजवर दोन वेळा टूथपेस्टने घासून पाहिले. दोन्ही वेळा काच चकचकीत झाली आणि पंधरा-वीस दिवसांत पुन्हा पूर्वीसारखी झाली. एका गॅरेजमध्ये वाफ देऊन काच दहा मिनिटांत नवी करून देतो असे सांगितले, तर दुसऱ्याने घासण्याच्या भानगडीत न पडता जोडीच बदला असा सल्ला दिला. पुढच्या वर्षाअखेर गाडीला १५ वर्षे पूर्ण होतील आणि नोंदणीचे नूतनीकरण करावे लागेल, त्यामुळे त्याआधी हे काम नीट करून घ्यायचे आहे. हे काम घरी होण्यासारखे आहे का, आणि केले तर ते किती टिकते? आणखी एक कोडे असे की उजवी काच डावीपेक्षा फार जास्त पिवळी आहे, आणि त्याचे कारण मला सापडलेले नाही.

---

सुट्टीतला मेकॅनिक (१८ ऑगस्ट २०२४)

शेवटच्या कोड्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे उत्तर त्यातच दडलेले आहे. आपण गाडी रोज कोणत्या दिशेला तोंड करून लावता ते पाहा. तोंड दक्षिणेला असेल तर उजवी बाजू पश्चिमेला येते आणि दुपारी दोनपासून मावळतीपर्यंतचे ऊन थेट त्या काचेवर पडते. माझ्या वडिलांच्या गाडीची हीच गत होती, फक्त तिची डावी काच गेली होती.

या काचा पॉलिकार्बोनेटच्या असतात. हे प्लास्टिक १९५३ साली जर्मनीत आणि अमेरिकेत जवळजवळ एकाच वेळी शोधले गेले. ते हातोडीच्या घावालाही सहसा फुटत नाही आणि वजनाने काचेच्या निम्म्याहून कमी असते, त्यामुळे दिव्याला हवा तो आकार देणे गाड्या बनवणाऱ्यांना सोपे झाले. पण ते दोन बाबतींत दुबळे आहे. एक तर त्यावर ओरखडे फार लवकर उठतात, आणि दुसरे म्हणजे उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या पृष्ठभागातले रेणू तुटून पिवळे पडतात. म्हणून कारखान्यातच त्यावर काही मायक्रॉन जाडीचा एक कठीण, पारदर्शक थर दिलेला असतो आणि अतिनील किरण अडवण्याचे काम तो थर करतो. वर्षानुवर्षांच्या उन्हाने, रस्त्यावरच्या वाळूने आणि कोरड्या फडक्याने धूळ पुसण्याच्या आपल्या सवयीने तो थर जागोजागी झिजतो, आणि मग उघड्या पडलेल्या प्लास्टिकचे पिवळे पडणे वेगाने सुरू होते. अँबॅसिडरचे गोल दिवे खऱ्या काचेचे होते, ते दगड लागून फुटत असत, पण चाळीस वर्षांनीही पिवळे पडत नसत.

टूथपेस्ट पंधरा दिवसांतच का हरली, हे यावरून लक्षात येईल. तिच्यात बारीक घासणारी पूड असते, त्यामुळे वरचा खराब पापुद्रा थोडासा निघतो आणि काच चमकते. मात्र तसे करताना कारखान्यातल्या थराचा उरलासुरला भागही निघून जातो आणि त्याच्या जागी नवे काहीच येत नाही. डास पळवण्याचा फवारा मारून काच पुसण्याची युक्ती सध्या मोबाइलवरच्या चित्रफितींत फार फिरते आहे, ती कृपया करू नये. त्यातले रसायन प्लास्टिकचा पृष्ठभाग विरघळवते, म्हणून तो क्षणभर गुळगुळीत दिसतो, आणि नंतर आणखी खराब होतो.

आता घासण्याआधीची एक परीक्षा. काचेवर भरपूर पाणी ओता आणि ती ओली असतानाच नीट पाहा. ओली असताना काच स्वच्छ दिसत असेल तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि घासल्याने तो जाईल. पाणी टाकूनही धूसरपणा तसाच राहिला तर तो आतल्या बाजूला आहे. तसे असेल तर दिव्याच्या कडेचे सील गेले आहे का, मागचे रबरी बूच बसलेले आहे का, हे आधी पाहावे लागेल, कारण बाहेरून कितीही घासले तरी आतली वाफ आणि धूळ जाणार नाही. आत डोकावताना बल्बमागची चंदेरी परावर्तक वाटीही पाहून घ्या. ती काळवंडली असेल किंवा तिचे पोपडे निघाले असतील तर काचेवर मेहनत घेण्यात अर्थ नाही, त्या वेळी जोडी बदलणेच योग्य. जास्त वॅटचे बल्ब लावलेल्या गाड्यांत हे हमखास दिसते.

परीक्षेत दोष बाहेरचा निघाला तर काम असे करावे. काच साबणाने धुऊन घ्यावी आणि बंपर, बॉनेट, मडगार्ड यांच्या काचेलगतच्या कडांवर मास्किंग टेपचे दोन थर द्यावेत, कारण ६०० नंबरच्या पेपरचा एक हात रंगावर गेला तरी तो डाग जन्मभर दिसत राहतो. पाण्याचे पॉलिश पेपर साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात पंधरा मिनिटे भिजवून ठेवावेत. सुरुवात ६०० किंवा ८०० ने करावी, मग १०००, १५००, २००० आणि शेवटी ३००० असे चढत जावे. एक नंबर आडवा फिरवला तर पुढचा उभा फिरवावा, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे उरले आहेत का ते लगेच कळते. कोरडे मात्र कधीही घासू नये. पहिल्या पेपरखालून निघणारे पाणी सुरुवातीला पिवळट असते आणि जुना थर पूर्ण निघाला की पांढरे, दुधाळ येऊ लागते. हा बदल दिसेपर्यंत पहिला पेपर सोडायचा नाही. माझ्या पहिल्या प्रयत्नात मी इथेच घाई केली होती, आणि काचेच्या वरच्या कडेला नकाशातल्या बेटांसारखे जुन्या थराचे डाग राहिले, ते मग कशानेच गेले नाहीत.

३००० नंतर रबिंग कंपाउंड मऊ फडक्यावर घेऊन चोळावे. ड्रिलला स्पंजची चकती लावली तर काम लवकर होते, पण वेग कमी ठेवावा आणि चकती एका जागी धरू नये. पॉलिकार्बोनेट सुमारे १४७ अंश सेल्सियसला मऊ पडते, आणि जोरात दाबलेल्या चकतीखाली तेवढी उष्णता सहज निर्माण होते.

इतके करून झाले की काच नव्यासारखी दिसते, आणि बहुतेक लोक इथेच थांबतात. ती सहा महिन्यांत पुन्हा पिवळी पडते आणि मग घासण्याची पद्धतच फसवी आहे असे ठरते. आपण घासून काढलेल्या थराच्या जागी अतिनील किरण अडवणारा दुसरा थर देणे हाच या कामाचा गाभा आहे. त्यासाठी पुसून लावायचे तयार द्रव मिळतात, पण ते काही महिन्यांनी पुन्हा लावावे लागतात. जास्त टिकाऊ उपाय म्हणजे गाडीच्या रंगावर मारतात तो हार्डनर मिसळायचा क्लिअर कोट.

---

पत्रा आणि रंग (१९ ऑगस्ट २०२४)

वरील प्रतिसाद चांगला आहे, परंतु त्यातली एक गोष्ट दुरुस्त करणे मला आवश्यक वाटते, कारण तिच्यामुळे केलेले सगळे काम वाया जाऊ शकते. मी वीस वर्षे डेंटिंग-पेंटिंगच्या कामात आहे. क्लिअर मारायचा असेल तर ३००० पर्यंत जाऊ नये आणि कंपाउंड तर मुळीच लावू नये. आरशासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर क्लिअरला धरायला काही मिळत नाही आणि वर्षभरात तो सापाच्या कातीसारखा सुटून येतो. ८०० किंवा १००० वर थांबावे. काच त्या वेळी दुधी दिसते आणि गिऱ्हाईक घाबरते, पण क्लिअर त्या बारीक चरांत भरला की ती आपोआप पारदर्शक होते. पुसून लावायचा द्रव वापरणार असाल तरच ३००० आणि कंपाउंड.

क्लिअर मारण्यापूर्वी काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. थिनर, पेट्रोल किंवा नेलपॉलिश काढायचे द्रव यांनी पुसू नये, त्यांनी पॉलिकार्बोनेटमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. पहिला हात अगदी विरळ, धूळ बसल्यासारखा मारावा आणि सुकू द्यावा, कारण पहिलाच हात ओला मारला तर क्लिअरमधला थिनर प्लास्टिक खातो. त्यानंतर दहा-दहा मिनिटांच्या अंतराने दोन पूर्ण हात पुरतात. शक्य असेल तर दिवा गाडीतून काढून घ्यावा, म्हणजे कडांपर्यंत क्लिअर नीट पोहोचतो. बंपर सोडावा लागतो म्हणून पुष्कळ जण हे टाळतात, आणि मग सुटायला सुरुवात नेमकी कडेपासूनच होते.

दोन सूचना अधिक आग्रहाने करतो. हे काम आत्ता श्रावणात करू नका. हार्डनरला हवेतला ओलावा सोसत नाही, क्लिअरवर बुडबुडे येतात किंवा तो धुरकट सुकतो. चिपळुणात तर दसरा उलटल्याशिवाय डबा उघडू नये. आणि हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, ते श्वासातून गेल्यास दम्याचा विकार जडू शकतो. त्याला कापडी मास्क किंवा तोंडाला बांधलेला रुमाल अजिबात पुरत नाही. आमच्या पिढीने या बाबतीत पुष्कळ निष्काळजीपणा केला आहे. म्हणून माझा सल्ला असा की घासणे आपण घरी करावे आणि क्लिअर मारण्यापुरते दिवे रंगाच्या बूथवाल्याकडे न्यावेत. तो दुसऱ्या गाडीला क्लिअर मारत असेल त्याच वेळी तुमचे दोन दिवे त्याला जड जात नाहीत.

---

प्रयोगवही (१९ ऑगस्ट २०२४)

वाफेच्या पद्धतीविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहिते. मी महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. या पद्धतीत एका किटलीसारख्या भांड्यात द्रव गरम करून त्याची वाफ काचेवर सोडतात. तो द्रव बहुधा डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्म असतो. ही दोन्ही रसायने पॉलिकार्बोनेटची उत्तम विद्रावके आहेत. वाफेने वरचा पातळ पापुद्रा विरघळतो, पसरतो आणि पुन्हा घट्ट होतो, त्यामुळे ओरखडे बुजतात आणि दहा मिनिटांत खरोखरच डोळे दिपवणारा परिणाम दिसतो. परंतु विद्रावक आत शिरल्यामुळे प्लास्टिकमधले ताण मोकळे होऊ लागतात आणि पुढे बारीक भेगांचे जाळे उमटते. या भेगा खोल असतात, त्यामुळे नंतर घासूनही त्या जात नाहीत. शिवाय अतिनील किरण अडवणारे काहीही या वाफेत नसते. डायक्लोरोमिथेन शरीरात गेले की त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि हे काम रस्त्याकडेला उघड्या तोंडाने करणारी मुले पाहिली की मला गाडीपेक्षा त्यांची काळजी वाटते.

जोडी बदलण्याबद्दलही एक मोजमाप सांगण्यासारखे आहे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ साली जुन्या गाड्यांच्या दिव्यांची चाचणी केली होती. धुरकट झालेल्या दिव्यांतून नव्याच्या तुलनेत जेमतेम २० टक्के प्रकाश बाहेर पडत होता. घासून पूर्ववत केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत आला, मूळ कंपनीचे दिवे बसवल्यावर पूर्ण १०० टक्के मिळाला आणि बाजारातल्या इतर दिव्यांनी ८३ ते ९० टक्के दिला. म्हणजे प्रकाशाच्या दृष्टीने नवी जोडी निश्चितच सरस आहे, प्रश्न फक्त पैशाचा आणि गाडी किती वर्षे ठेवायची याचा आहे. समोरच्या ट्रकवाल्याचे दिवे मारणेही यातूनच येते. काचेवरच्या ओरखड्यांनी प्रकाश वाट्टेल त्या दिशेला विखुरतो, आणि जो रस्त्यावर पडायला हवा तो समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

---

ताशी साठ (२० ऑगस्ट २०२४)

काचा स्वच्छ झाल्यावरही उजेड कमी वाटला तर बल्बच्या टोकांवरचा व्होल्टेज मोजून घ्या. माझ्या १४ वर्षांच्या गाडीत इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ आणि बल्बवर फक्त १२.३ व्होल्ट मिळत होते. हॅलोजन बल्बचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण साडेतीन घाताने बदलतो, त्यामुळे दहा टक्के व्होल्टेज गेला की जवळजवळ तीस टक्के उजेड जातो. रिले घालून जाड वायर ओढल्यावर त्याच ६०/५५ वॅटच्या बल्बने रस्ता उजळला. एलईडी बल्ब बसवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतील, पण हॅलोजनसाठी घडवलेल्या वाटीत तो बसवला तर प्रकाश फाकतो आणि ट्रकवाल्याची तक्रार दुप्पट होते.

---

वाशिष्ठीकाठ (२४ नोव्हेंबर २०२४)

सर्वांचे मनापासून आभार. काम दिवाळीनंतर केले, त्याचा वृत्तान्त उशिरा देत आहे.

कोडे सुटले. घराच्या फाटकामुळे गाडी गेली चौदा वर्षे दक्षिणेला तोंड करूनच उभी राहते, म्हणजे उजवी काच पश्चिमेला. पाण्याची परीक्षा केली, दोन्ही काचा ओल्या असताना स्वच्छ दिसल्या, आणि वाट्या आतून चकचकीत निघाल्या.

मी थोडा हट्टीपणा करून दोन काचांवर दोन वेगळे उपाय केले. उजवी काच ८०० आणि १००० ने घासून दिवा काढून कऱ्हाडच्या एका रंगकाम करणाऱ्याकडे नेला आणि त्याच्याकडून क्लिअर मारून घेतला. डावी काच घरीच ३००० पर्यंत नेली, कंपाउंड लावले आणि वरून पुसून लावायचा अतिनील-रोधक द्रव लावला. उजव्या काचेला पिवळे पाणी थांबायला तब्बल पाऊण तास लागला. बोटांची कातडी निघायची वेळ आली, आणि अर्ध्या वाटेवर मी नवी जोडी मागवायला निघालोच होतो. दुधी काच घेऊन दुकानात गेलो तेव्हा तिथल्या पोऱ्याने "काका, ही फेकून द्या" असे सांगितले, पण क्लिअरचा दुसरा हात बसल्यावर तोच ती काच उचलून उजेडात धरून पाहत होता.

दिवे परत बसवल्यावर फोकस लावून घेतला. दहा मीटरवरच्या भिंतीवर डिप्परची वरची कड दिव्याच्या मध्यापेक्षा दहा सेंटीमीटर खाली ठेवली. ही गोष्ट मी विसरणार होतो, बॉनेट बंद करताना आठवली. व्होल्टेजही मोजला, तो ठीक आहे. परवा रात्री घाट उतरताना कडेचा पट्टा पुढच्या वळणापर्यंत सलग दिसत होता, आणि कोणीही दिवे मारले नाहीत.

---

पत्रा आणि रंग (२५ नोव्हेंबर २०२४)

उत्तम काम केलेत. पहिले दोन आठवडे उजव्या काचेवर साबण किंवा दाबाचे पाणी मारू नका. आणि गाडी आठवड्याआड उलट तोंड करून लावता आली तर पाहा, फुकटचा उपाय आहे.

---

वाशिष्ठीकाठ (१२ ऑक्टोबर २०२५)

जवळजवळ वर्ष उलटले, मध्ये एक पूर्ण उन्हाळा आणि पूर्ण पावसाळा गेला. उलट तोंड करून गाडी लावण्याचा नेम होळीपर्यंत पाळला, पुढे फाटकाशी कसरत करण्याचा कंटाळा आला, त्यामुळे मेचे कडक ऊन नेहमीप्रमाणे उजव्या काचेनेच खाल्ले. तरीही क्लिअर मारलेली ती काच आजही स्वच्छ आहे, फक्त खालच्या कोपऱ्यात खडी लागून दोन टाचणीएवढे ठिपके पडले आहेत. डाव्या काचेवर द्रव मार्चमध्ये एकदा पुन्हा लावला होता, पण जूनपासून वरच्या कडेला फिकट पिवळी झाक यायला लागली, आणि आता शेजारी शेजारी पाहिले की फरक लगेच कळतो.

नूतनीकरणाच्या तपासणीत दिव्यांवर काही आक्षेप आला नाही आणि गाडीला पुढची पाच वर्षे मिळाली. डावा दिवा दिवाळीच्या सुट्टीत काढायचा आणि या वेळी १००० वर थांबून कऱ्हाडला न्यायचा असे ठरवले आहे. रंगवाल्याला फोन केला, तर तो म्हणाला की येताना उजवाही आणा, त्या दोन ठिपक्यांवर क्लिअरचा थेंब टाकून देतो, म्हणजे तिथून पाणी शिरून थर सुटणार नाही.